स्फोटानंतर (भाग ४) : पिआत्सा फोंताना, भलतीकडेच धावलेला तपास

मिलानमधल्या ‘बांका नाझिओनाले देल्लाग्रिकोल्तुरा’ या बँकेत शुक्रवारी दुपारी उशिरापर्यंत गर्दी असे. आसपासच्या गावांतले शेतकरी आणि गुरांचे व्यापारी त्या दिवशी सौदे करायला शहरात येत. त्यांच्या सोयीसाठी पिआत्सा फोंताना चौकातली ही शाखा इतर बँका बंद झाल्यावरही उघडी राही. १२ डिसेंबर १९६९ चा शुक्रवार असाच होता. दुपारी ४ वाजून ३७ मिनिटांनी, गोल दालनाच्या मधोमध असलेल्या टेबलाखाली ठेवलेल्या बॅगेतला बॉम्ब फुटला. १७ माणसे मेली, ८८ जखमी झाली.

त्याच दुपारी रोममध्ये तीन स्फोट झाले. मिलानच्याच दुसऱ्या एका बँकेत न फुटलेला बॉम्ब सापडला. तपास करणाऱ्यांच्या हाती याहून मोलाचा पुरावा कोणता असणार? पण त्याच संध्याकाळी बँकेच्या आवारात तो मुद्दाम फोडून टाकण्यात आला. आत कोणते स्फोटक होते, ते कसे जोडले होते, हे नीट तपासण्याची संधी गेली ती कायमची.

त्या वर्षीची शरद ऋतूतली आंदोलने इटलीत आजही ‘तप्त शरद’ म्हणून ओळखली जातात. कारखान्यांत संपावर संप होत होते, विद्यार्थी रस्त्यावर होते आणि डाव्यांची ताकद वाढताना पाहून सत्ताधारी वर्तुळांतले बरेच जण धास्तावले होते. स्फोट डाव्या अराजकवाद्यांनीच केला असणार, असे पोलिसांनी पहिल्याच रात्री धरून टाकले आणि धरपकड सुरू झाली.

धरलेल्यांत जुझेप्पे पिनेल्ली हा ४१ वर्षांचा रेल्वे कामगार होता. दोन मुलींचा बाप. पोलिसांच्या गाडीमागून तो स्वतःच्या मोपेडवरून मुख्यालयात गेला होता. कायद्याने ४८ तासांपेक्षा जास्त काळ ठेवता येत नसतानाही त्याला तीन दिवस डांबून ठेवले. १५ डिसेंबरला मध्यरात्रीच्या सुमारास चौकशी चालू असताना तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडला आणि मेला. स्फोटाच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा त्याचा दावा खोटा ठरला म्हणून त्याने आत्महत्या केली, असे पोलीसप्रमुखांनी त्याच रात्री पत्रकारांना सांगितले. तो दावा खोटा ठरलाच नव्हता.

पिनेल्ली पडला त्याच दिवशी कॅथीड्रलमध्ये मृतांचे अंत्यविधी झाले, चौकात अफाट जनसमुदाय लोटला. त्याच दिवशी पिएत्रो वालप्रेदा या नर्तकाला अटक झाली. एका टॅक्सीचालकाने त्याला ‘ओळखले’ होते. मात्र ओळख परेडच्या आधीच पोलिसांनी चालकाला वालप्रेदाचा फोटो दाखवला होता. वृत्तपत्रांनी तर त्याला राक्षस ठरवून टाकले. खटल्याचा निकाल नसताना हा माणूस तीन वर्षे तुरुंगात राहिला. १९७२ च्या डिसेंबरात संसदेने कायदा बदलला तेव्हा कुठे तो बाहेर आला.

या तीन वर्षांत खरा धागा ईशान्येकडच्या व्हेनेतो प्रांतात लोंबकळत होता. स्फोटानंतर थोड्याच दिवसांत तिथल्या एका शिक्षकाने आपला प्रकाशक मित्र जोवान्नी व्हेंतुरा याच्याविषयी तोंड उघडले होते. त्रेव्हीझोच्या न्यायाधीशांनी चिकाटीने त्याचा माग काढला आणि व्हेंतुरा व पादुआचा वकील फ्रांको फ्रेदा या नवफॅसिस्ट जोडगोळीपर्यंत तपास पोहोचला. फ्रेदाने टायमर विकत घेतल्याचे निघाले. बॉम्ब ठेवलेल्या बॅगांसारख्या बॅगा पादुआच्या एका दुकानातून विकल्या गेल्या होत्या. ही खबर दुकानातून पोलिसांना स्फोटानंतर लगेचच मिळाली होती, पण ती न्यायाधीशांपर्यंत पोहोचायला १९७२ उजाडले. लोकांना इतके घाबरवायचे की त्यांनीच पोलादी हाताची मागणी करावी, हा अशा गटांचा डाव होता. इटलीत त्याला ‘तणावाची रणनीती’ म्हणतात.

गुप्तचर खात्यातल्या काहींनी तर संशयितांना वाचवले. खात्यासाठी काम करणारा एक संशयित परदेशी निसटला, आणि या प्रकरणात दोन गुप्तचर अधिकारी पुढे दोषी ठरले. इथे ढिलाई हा शब्द पुरत नाही. नागरिकांच्या पैशावर चालणाऱ्या यंत्रणेने नागरिकांच्या मारेकऱ्यांना आडोसा दिला.

पहिल्या तीन दिवसांतल्या त्या खोटेपणाने आणखी एक जीव घेतला. पिनेल्ली ज्यांच्या कार्यालयातून पडला ते पोलीस अधिकारी लुइजी कालाब्रेझी यांना डाव्या गटांनी खुनी ठरवले. वर्तमानपत्रांतून, भिंतींवरून त्यांच्याविरुद्ध मोहीम चालली. १७ मे १९७२ ला त्यांना घरासमोर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची पत्नी तेव्हा तिसऱ्यांदा गरोदर होती. पिनेल्ली पडला त्या क्षणी कालाब्रेझी खोलीत नव्हतेच, असा निष्कर्ष १९७५ मध्ये न्यायाधीश जेरार्दो दांब्रोझिओ यांनी काढला. त्यांच्या मते ही हत्याही नव्हती आणि आत्महत्याही नव्हती, अस्वस्थ वाटून पिनेल्लीचा तोल गेला होता. हा निष्कर्ष अनेकांना आजही पटलेला नाही. ज्या खोलीत इतके पोलीस हजर होते, तिथे नेमके काय घडले हे त्याच रात्री सरळ सांगितले असते, तर बराच विखार टळला असता.

खटल्याची कथा तर अंगावर येते. तो मिलानहून उचलून देशाच्या दुसऱ्या टोकाला, हजाराहून अधिक किलोमीटरवरच्या कातान्झारोला नेण्यात आला. आप्त गमावलेल्यांनी सुनावण्यांसाठी तिथवर खेपा घातल्या. १९७९ मध्ये फ्रेदा आणि व्हेंतुराला जन्मठेप झाली, १९८१ मध्ये अपिलात ते सुटले, १९८७ मध्ये त्यांची सुटका अंतिम ठरली. नव्या पुराव्यांवर दुसरा खटला उभा राहिला. २००१ मध्ये दुसऱ्या तिघा आरोपींना जन्मठेप झाली आणि २००४ मध्ये तेही निर्दोष ठरले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सुटकेवर शिक्कामोर्तब करताना फ्रेदा आणि व्हेंतुरा हेच जबाबदार असल्याचे नमूद केले. पण एकदा अंतिमरीत्या सुटलेल्यांवर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही. वर, फिर्यादीत सामील झालेल्या मृतांच्या नातेवाइकांनी खटल्याचा खर्च भरावा, असाही आदेश निघाला.

२००९ च्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्जो नापोलितानो यांनी पिनेल्ली आणि कालाब्रेझी या दोघांच्याही पत्नींना एकाच समारंभाला बोलावले. त्या दोघी पहिल्यांदाच समोरासमोर आल्या, आणि पिनेल्ली निरपराध होता हे राष्ट्रप्रमुखाने सर्वांसमक्ष सांगितले. त्यासाठी त्याच्या कुटुंबाला ३९ वर्षे थांबावे लागले होते.

पुढच्या आठवड्यात बोलोन्याच्या रेल्वे स्थानकाकडे वळू. २ ऑगस्ट १९८० ला तिथे ८५ माणसे मेली. त्यांच्या नातेवाइकांनी पुढच्याच वर्षी संघटना उभारली आणि पिआत्सा फोंतानाच्या वाटेने आपला खटला जाऊ नये म्हणून दशकानुदशके न्यायालयांचा पिच्छा पुरवला.