सांघिक व्हिडिओ-खेळ आणि निर्मितिसंस्थेची वाढ
दूरदूरच्या खेळाडूंनी संघ करून खेळावयाच्या व्हिडिओ-खेळांची निर्मितिसंस्था कशी वाढते, ह्याचे पुण्याची ‘सुपरगेमिंग’ हे बोधप्रद उदाहरण होय. ‘मास्कगन’ हा सांघिक खेळ चालविताना खेळाडूंचे गट जुळविणारी ‘सुपरप्लॅटफॉर्म’ ही यंत्रणा तिने स्वतः विकसित केली. पुढे जपानी ‘पॅक-मॅन’ची मोबाइल-आवृत्ती त्याच यंत्रणेवर चालविण्यात आली, २०२४ मध्ये ‘इंडस’ प्रसिद्ध झाला. तात्पर्य, वाढीचा पाया एखादा खेळ नसून खेळाखालील यंत्रणा होय.

तिची खरी कसोटी गोंदियासारख्या जिल्ह्यात लागते. केंद्रीय संगणक मुंबईस आहे असे धरल्यास लोहमार्गाने सुमारे ९५० किलोमीटरचे हे अंतर प्रकाशतंतूतून संदेश सुमारे ५ सहस्रांश सेकंदांत कापतो. विलंब होतो तो मुख्यतः क्षीण मोबाइल-लहरींत व वाटेतील टप्प्यांवर. ह्यावर सामान्य उपाय असा, की खेळाडूची हालचाल त्याच्या यंत्रावर तत्काळ दाखवावयाची आणि केंद्राचा निर्णय आल्यावर ती दुरुस्त करावयाची. परंतु सवंगड्याची हालचाल अशी निश्चितपणे आधी कळू शकत नाही. ती उशिरा पोचली, की खेळाडू संघात असूनही एकाकी पडतो. सहकार्य हे समकालीनतेवर अवलंबून असते. ती जिल्ह्याजिल्ह्यांत समान मिळते की नाही, ह्यावरच अशा खेळाचे सांघिकत्व ठरते.