चित्रात ते कुठे दिसतं?

चित्र वाचताना : लेखांक ६

सहावी ते आठवीच्या वर्गात कुठलंही चित्र समोर धरा, पहिलं उत्तर येतं, "सर, छान आहे." दुसरं येतं, "अगदी फोटोसारखं आहे." तिसरं उत्तर बहुतेक वेळा येतच नाही. मुलांना दिसत नाही असं मुळीच नाही. दिसलेलं कसं बोलावं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आपण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र त्यांच्याकडून घोटून घेतो. हात तयार होतो. दुसऱ्याच्या चित्राबद्दल चार वाक्यं बोलायची वेळ आली की हीच मुलं गप्प होतात.

मागच्या लेखांत रेषा, आकार, पोत, छायाप्रकाश हे शब्द आपण पाहिले. आज ते एका चित्रावर वापरू. चित्र तुमच्या ओळखीचं आहे : नऊवारी-पाचवारीचा विचार मनात येण्याआधीच डोळ्यांत भरणारी, हातात दिवा घेऊन उभी असलेली तरुण स्त्री. ज्योतीला तिनं दुसऱ्या हाताचा आडोसा केला आहे आणि बोटांतून तांबूस उजेड झिरपतो आहे. कॅलेंडरांवर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रांवर हे चित्र असंख्य वेळा छापलं गेलं. वर्गात मात्र चित्रकाराचं नाव आधी सांगायचं नाही, चित्राचं शीर्षकही नाही.

पहिली दोन मिनिटं पूर्ण शांतता. मग एकच प्रश्न : या चित्रात काय चाललंय? मुलं लगेच गोष्टी रचतात. वीज गेलीय. ती देवघराकडे निघालीय. कुणाची तरी वाट बघतेय. गोष्टींना अडवू नका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी लोक चित्र कसं बघतात याचा दीर्घ अभ्यास केला, आणि नवखा प्रेक्षक चित्रातून आधी गोष्टच बनवतो असं त्यांना आढळलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेल्या फिलिप येनावाइन यांच्यासोबत त्यांनी जी पद्धत घडवली, तिचा कणा तीन प्रश्नांचा आहे. पहिला वर आलाच. तिसरा, "आणखी काय सापडतं?" पण खरं काम करतो तो दुसरा : "असं तुला चित्रातल्या कशामुळे वाटलं?"

मी तो मराठीत सरळ विचारतो, "चित्रात ते कुठे दिसतं?"

"ती वाट बघतेय" म्हणणाऱ्याला पुन्हा चित्राकडे जावं लागतं. मग तो म्हणतो, ती चालत नाहीये, थांबलीय. दुसरी मुलगी म्हणते, मागे काही सामानच नाही, म्हणून आपण तिच्या चेहऱ्याकडेच बघतो. हे विश्लेषण झालं, शब्द न शिकवता झालं. शिक्षकानं इथे दोनच गोष्टी करायच्या : मूल बोलतंय त्या जागी बोट ठेवायचं आणि त्याचं म्हणणं जरा नेमक्या शब्दांत परत सांगायचं. "म्हणजे सगळा उजेड एकाच ठिकाणाहून येतो आणि चेहऱ्याकडे जातो, असं तू म्हणतोस." छायाप्रकाश हा शब्द फळ्यावर लिहायचा तो या क्षणी.

माहिती यानंतर द्यावी, पण द्यावीच. काही जण ती शेवटपर्यंत राखून ठेवतात; मला ते पटत नाही. सातवीतल्या मुलाला सांगा, हा जलरंग आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदच पांढरा राखून ठेवतात. एकदा गडद झालेली जागा पुन्हा उजळ करणं फार अवघड. जलरंगाची पेटी हाताळलेली मुलं हे ऐकून त्या बोटांकडे पुन्हा बघतात, आणि आता वेगळं बघतात.

मग चित्रकार विचारा. बरीच मुलं, आणि त्यांचे पालकही, राजा रविवर्मा म्हणतील. फळ्यावर दोन आकडे लिहा : रविवर्मांचं निधन १९०६, हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. उत्तर मुलं स्वतःच खोडतील. चित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं आहे. समोर उभी आहे ती त्यांची मुलगी गीता. 'ग्लो ऑफ होप' या नावानं ओळखलं जाणारं मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे.

निर्णय सगळ्यात शेवटी. एडमंड फेल्डमन या कलाशिक्षकानं सांगितलेला क्रम हाच आहे : वर्णन, विश्लेषण, अर्थ आणि मग मूल्यमापन. शाळेत आपण नेमकं उलट करतो, "आवडलं का?" पासून सुरुवात करतो. मूल एकदा हो म्हणालं की पुढे बघायचं कारणच उरत नाही.

एखादी मुलगी म्हणेल, "मला नाही आवडलं. घरात काम करणारी बाई इतकी नीटनेटकी नसते, ही सजवून उभी केलीय." तिला गप्प करू नका, थोर चित्रकाराचा धाक घालू नका. चित्रात ते कुठे दिसतं, एवढंच विचारा. तिनं साडीच्या चुण्यांकडे, उभं राहण्याच्या ढबीकडे बोट दाखवलं तर ती समीक्षा आहे, आणि "खूप सुंदर" लिहिणाऱ्या मुलापेक्षा तिला जास्त गुण मिळायला हवेत.

पुढच्या लेखात वासुदेव गायतोंडे यांचं अमूर्त चित्र घेऊ, जिथे गोष्टच सापडत नाही. तोवर शिक्षकांनी एक तास काढून हा प्रयोग करावा. घरी पालकांनाही करता येईल. भिंतीवरचं कॅलेंडर त्याला पुरतं.