वेफर्सच्या पुडीची भिंत

वेफर्सची पुडी फोडून तिची आतली बाजू पाहा. ती चांदीसारखी चमकते. तो ॲल्युमिनियमचा अतिसूक्ष्म लेप होय. साधे पॉलिथिन ओल अडविते, पण प्राणवायू त्यातून सहज शिरतो आणि तळलेला पदार्थ खवट होतो. म्हणून निरनिराळ्या गुणांचे थर एकमेकांस चिकटवून ही भिंत उभारतात.

परंतु असे चिकटविलेले थर सहजी सुटत नाहीत आणि एकत्र वितळविले तर माल हलका निघतो. भंगारात त्याला भाव नाही; म्हणून कचरा वेचणारी बाई बाटली उचलते, पुडी तिथेच सोडते.

आता कायदाही जागा झाला आहे. भारतात २०२२ पासून वेष्टनांच्या कचऱ्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर निश्चित लक्ष्ये ठरवून टाकली आहे. युरोपीय संघाच्या २०२५ च्या नियमाने वेष्टने पुनर्प्रक्रियायोग्य करण्यास २०३० ची मुदत घातली आहे.

मग रोधक प्लास्टिकची मागणी आटेल काय? नाही, ती वळेल. क्लोरीनयुक्त पीव्हीडीसी पुनर्प्रक्रियेत अडथळा आणते. उलट ईव्हीओएचचा पातळ थर पॉलिथिनच्या पोटात घातला आणि त्याचे प्रमाण शेकडा ५ च्या आत राखले, तर ते वेष्टन पॉलिथिनबरोबरच वितळविता येते. ईव्हीओएच ओलीने दुबळे होते, म्हणूनच त्याला हे कवच लागते.

अन्न नासू नये आणि कचराही साठू नये, असे आपण म्हणतो. दोन्ही साधणारी पुडी थोडी महाग पडली, तर तो भार कोणी सोसावा, याचे उत्तर गिऱ्हाईक म्हणून आपणही द्यावयाचे आहे.