अंगठा, डोळा आणि पासपोर्ट

तुमचे मामा किंवा चाचा नोकरीसाठी आखाती देशात असतील, तर त्यांना पोहोचवायला तुम्ही कधीतरी मुंबईच्या विमानतळावर गेला असाल. मामा सामानाची गाडी ढकलत दारातून आत जातात, वळून हात हलवतात आणि गर्दीत दिसेनासे होतात. त्यानंतर आत काय होते, ते तुम्हांला बाहेरून दिसत नाही. आत त्यांना आणखी एका रांगेत उभे राहावे लागते. ती रांग पासपोर्ट तपासणीची.

तेथे बसलेला अधिकारी पासपोर्ट उघडतो. आधी फोटोकडे पाहतो, मग मामांच्या चेहऱ्याकडे पाहतो. संगणकावर नाव तपासतो आणि शिक्का मारतो. एका माणसासाठी हे काम फार वेळाचे नाही. पण तीन-चार मोठी विमाने एकाच वेळी उतरली, की शेकडो माणसे एकदम रांगेत येतात. वर्षातून एकदा प्रवास करणाऱ्याला त्याचे फारसे वाटत नाही. काही लोक मात्र कामानिमित्त महिन्यातून दोन-दोन वेळा परदेशी जातात. त्याच माणसाची तीच तपासणी पुन्हा पुन्हा माणसानेच कशाला करायची, असा प्रश्न निरनिराळ्या देशांच्या सरकारांना पडला. त्यातून आपोआप उघडणाऱ्या दारांची कल्पना पुढे आली.

अमेरिकेने १९९३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या विमानतळांवर असा एक प्रयोग सुरू केला. नेहमी प्रवास करणाऱ्याने आधी एकदा नाव नोंदवायचे. मग त्याला एक कार्ड मिळे. विमानतळावर यंत्रात कार्ड घालायचे आणि एका पाटीवर पंजा ठेवायचा. यंत्र बोटांची लांबी, रुंदी आणि जाडी मोजत असे. मोजमाप जुळले, की दार उघडे. तुम्हांला वाटेल, पंजे तर पुष्कळ माणसांचे सारखे असतात! खरे आहे. पण येथे यंत्राला लाखो माणसांतून एक माणूस शोधायचा नव्हता. 'हे कार्ड ज्याचे आहे, तोच हा माणूस का?' एवढेच त्याला पाहायचे होते. हा प्रश्न सोपा असतो. 'हा माणूस कोण?' हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो आपल्या उपयोगी पडेल.

शरीरावरून माणूस ओळखण्याची युक्ती मात्र जुनी आहे आणि तिच्या इतिहासात आपल्या देशाला मोठे स्थान आहे. १८५८ मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका करारावर सहीऐवजी संपूर्ण पंजाचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये बोटांच्या ठशांची जगातील पहिली कचेरी कलकत्त्याला सुरू झाली. हजारो ठशांमधून हवा तो ठसा चटकन कसा काढायचा, हा तेथला मोठा प्रश्न होता. तो सोडवण्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचा मोठा वाटा होता. त्या पद्धतीला नाव मात्र त्यांच्या साहेबांचे, एडवर्ड हेन्री यांचे, मिळाले. आपल्याकडे ज्याला सही येत नाही, त्याला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हसतात. आता विमानाने देशोदेशी फिरणारे मोठमोठे साहेबही दारापाशी येऊन मुकाट्याने बोट टेकवतात, ही गंमतच आहे.

बोटांनंतर शास्त्रज्ञांचे लक्ष डोळ्याकडे गेले. आरशात आपला डोळा नीट पाहा. मधोमध एक काळा ठिपका दिसेल. मराठीत त्याला बाहुली म्हणतात. तुम्ही उर्दूत त्याला पुतली म्हणता. दोन्ही शब्दांचा दुसरा अर्थ एकच, मुलींचे खेळणे! या बाहुलीभोवती तपकिरी, काळसर किंवा घारे कडे असते. त्याला परितारिका म्हणतात. तिच्यात बारीक तंतू, खळगे आणि रेषा यांची दाट नक्षी असते. बाळ आईच्या पोटात असतानाच ती तयार होते. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावांचीही नक्षी वेगळी असते. इतकेच काय, तुमच्या डाव्या आणि उजव्या डोळ्यांची नक्षीही एकसारखी नसते.

ही नक्षी यंत्राला वाचता कशी यावी? इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातील जॉन डॉगमन यांनी त्याचे गणित बसवले. १९९४ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. कॅमेरा डोळ्याचे चित्र घेतो. त्यासाठी तो आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतो, म्हणजे काळ्याभोर डोळ्यांतली नक्षीही स्पष्ट उमटते. मग संगणक त्या नक्षीचे रूपांतर शून्य आणि एक या २०४८ खुणांमध्ये करतो.

आता एक खेळ समजून घ्या. तुम्ही एक नाणे २०४८ वेळा उडवले आणि छापा की काटा ते ओळीने लिहून ठेवले. तुमच्या मित्रानेही तसेच केले. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, तर जवळजवळ निम्म्या जागी त्या जुळणार नाहीत. दोन वेगळ्या डोळ्यांचे असेच होते. पण त्याच डोळ्याचे चित्र दुसऱ्यांदा घेतले, तर न जुळणाऱ्या खुणा खूपच कमी निघतात. शून्य मात्र निघत नाहीत. पापणी थोडी खाली येते, दिव्याची चमक डोळ्यात पडते, माणूस जरा हलतो. म्हणून कोठेतरी एक रेघ आखावी लागते. एक तृतीयांशापेक्षा कमी खुणा चुकल्या, तर माणूस तोच. जास्त चुकल्या, तर दुसरा. साधारण अशी ती रेघ असते.

माझ्या मते या सगळ्या विषयातली महत्त्वाची गोष्ट हीच आहे. यंत्र कोणाला 'ओळखत' नाही. तुमची आई तुम्हांला अंधारात, नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखते, तसे ते नसते. यंत्र फक्त आकडे जुळवते, आणि रेघ माणसाने आखलेली असते. रेघ फार सैल आखली, तर दुसऱ्याच्या नावावर परका माणूस आत शिरू शकतो. फार कडक आखली, तर खरा माणूस दाराबाहेर उभा राहतो. एक चूक कमी करायला जावे, तर दुसरी वाढते.

हॉलंडमधील ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर ऑक्टोबर २००१ मध्ये 'प्रिव्हियम' नावाची योजना सुरू झाली. ठरावीक वर्गणी भरणाऱ्या युरोपातील प्रवाशांसाठी ती होती. त्यांच्या डोळ्याची नोंद त्यांच्याच कार्डाच्या चिपमध्ये ठेवली जाई. दारापाशी कार्ड घालायचे आणि कॅमेऱ्याकडे पाहायचे. म्हणजे हा पुन्हा सोपाच प्रश्न झाला. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे कार्ड नव्हते. सर्वांच्या डोळ्यांच्या नोंदी सरकारी संगणकात होत्या, आणि नुसते कॅमेऱ्याकडे पाहिले, की संगणक त्यांतून माणूस शोधून काढी. पण पुढे पासपोर्टच्या आतच चिप आली. तिच्यातला फोटो आणि समोरचा चेहरा ताडून पाहणारी दारे बसू लागली. मग वेगळ्या नोंदणीची गरज उरली नाही आणि ब्रिटनची डोळ्यांची योजना २०१३ मध्ये बंद झाली.

नोंद कार्डात ठेवा किंवा सरकारी संगणकात ठेवा, त्यात काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. पण विचार करा. घराची किल्ली हरवली, तर तुम्ही कुलूप बदलता. बोटाची किंवा डोळ्याची नोंद चोरीला गेली, तर नवे बोट कोठून आणणार? कार्ड हरवले, तर एकाचीच नोंद जाते. मोठा साठा फुटला, तर सर्वांचीच जाते. म्हणूनच आपली नोंद कोठे राहील आणि किती दिवस राहील, हे विचारण्याचा प्रत्येकाला हक्क आहे.

आपल्या देशात अशी योजना २२ जून २०२४ रोजी दिल्लीच्या विमानतळावर सुरू झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्ड असलेले प्रवासी यांच्यासाठी ती आहे. तिला पैसे पडत नाहीत. आधी संगणकावरून अर्ज करायचा. तपासणी होऊन मंजुरी मिळाली, की बोटांची व चेहऱ्याची नोंद द्यायची. ही नोंदणी जास्तीत जास्त पाच वर्षे चालते. पासपोर्टची मुदत त्याआधी संपली, तर तेथेच संपते. प्रवासाच्या दिवशी दारापाशी बोर्डिंग पास आणि पासपोर्ट यंत्राला दाखवायचा. मग यंत्र प्रवाशाची ओळख पटवते आणि दार उघडते.

आता पुन्हा मामांकडे येऊ. समजा, ते गवंडी आहेत. वीस वर्षे सिमेंट, वाळू आणि विटा हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. अशी बोटे यंत्राला वाचता येत नाहीत. शेतमजूर, भांडी घासणाऱ्या बायका, म्हातारी माणसे यांनाही हीच अडचण येते. 'आधार' योजनेत दहाही बोटांबरोबर दोन्ही डोळ्यांची नोंद घेतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. त्या योजनेचे पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले.

मामांनी बोट टेकवले आणि दार उघडले नाही, तर त्यांनी काही गुन्हा केला असे होत नाही. त्यांनी घाबरू नये आणि मागच्यांनी कुरकुर करू नये. या दारांच्या शेजारी जुनी रांग असते आणि तिच्या टोकाला अधिकारी बसलेला असतो. तो पासपोर्ट हातात घेईल, फोटोकडे पाहील, मग मामांच्या चेहऱ्याकडे पाहील. दोन प्रश्न विचारील. मामा आपल्या भाषेत उत्तर देतील, आणि शिक्का पासपोर्टवर बसेल.