तारेतली गळती आणि एक फसवे सूत्र

वीज दूरवर नेताना विभवांतर वाढवतात, कारण त्यामुळे तारांत वाया जाणारी ऊर्जा कमी होते. वर्गात हे वाक्य सांगून आपण पुढे जातो. पण एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "शक्ती म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले रोध, असेही सूत्र आहे. मग विभवांतर वाढवले की नुकसान वाढायला नको का?" शंका रास्त आहे. 'इथे धारेचे सूत्र वापरायचे' हे तिचे उत्तर नव्हे, कारण दोन्ही सूत्रे बरोबरच आहेत.

आकडे घेऊन पाहू. गावातल्या रोहित्रापासून लांबच्या पिठाच्या गिरणीकडे १० किलोवॅट शक्ती २३० व्होल्टला पाठवली. जाणाऱ्या व येणाऱ्या तारेचा मिळून रोध अर्धा ओहम. धारा झाली सुमारे ४३.५ अँपिअर. धारेचा वर्ग गुणिले रोध केले की तारांत सुमारे ९४५ वॅट उष्णता निघते. (शक्तिगुणांक १ मानला आहे. मोटारीचा तो कमी असतो, म्हणजे धारा आणि नुकसान आणखी जास्त.) आता दुसरे सूत्र लावू. २३० चा वर्ग भागिले अर्धा, म्हणजे १,०५,८०० वॅट! पाठवले दहा हजार आणि हरवले लाखाच्या वर. कोठेतरी पाणी मुरते आहे.

२३० व्होल्ट हे दोन तारांमधले विभवांतर आहे, तारेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे नव्हे. तारांच्या लांबीत होणारी घट ४३.५ गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे २१.७ व्होल्ट. सूत्रात हाच आकडा घालायला हवा. तसे केले की दशांशाचा किरकोळ फरक सोडता पुन्हा ९४५ वॅटच येतात. गिरणीला मिळतात जेमतेम २०८ व्होल्ट. वाहिनीच्या शेवटच्या टोकाचा पंप कुंथत चालतो तो यामुळेच.

तीच शक्ती त्याच तारांतून ११,००० व्होल्टला पाठवली तर धारा ०.९१ अँपिअर, घट अर्ध्या व्होल्टहून कमी आणि नुकसान ०.४ वॅट. वाढले ते तारांमधले विभवांतर; तारेच्या लांबीतले उलट कमी झाले.

मग दाब कितीही का वाढवू नये? तारेलगतचे विद्युतक्षेत्र सेंटिमीटरला सुमारे ३० किलोव्होल्टवर गेले की हवेचे आयनीभवन होते. पावसाळी हवेत मोठ्या मनोऱ्यांखाली चरचर ऐकू येते ती हीच गळती. म्हणून ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीत एका तारेऐवजी दोन किंवा चार तारांचा जुडगा असतो. जुडगा जाड तारेसारखा वागतो व क्षेत्र सौम्य होते.

शिवाय दाब चढवायला-उतरवायला रोहित्रे लागतात. त्यांच्या लोखंडी गाभ्याचे चुंबकत्व सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होते, आणि गाभ्यात भोवऱ्यासारखे प्रवाहही फिरतात. ते रोखण्यासाठी गाभा अखंड न करता पातळ पत्र्यांचा करतात, तरी थोडे नुकसान उरतेच. गाव झोपले तरी रोहित्र गुणगुणत असते, कारण हे नुकसान भारावर अवलंबून नसते. उलट, वेटोळ्यांतले नुकसान भार निम्मा झाला की चौथा हिस्सा होते.

प्रत्यावर्ती धारेत वाहिनी धारित्रासारखी सतत भारित व रिती होत राहते, तोही एक भुर्दंड. अंतर फार असेल तर एकदिश धारा परवडते. चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे ही सुमारे ७५० किलोमीटरची, १५०० मेगावॅट क्षमतेची वाहिनी १९९९ साली सुरू झाली, ती ५०० किलोव्होल्ट एकदिश दाबाची आहे. दोन्ही टोकांच्या परिवर्तन केंद्रांत थोडी शक्ती खर्ची पडते, पण एवढ्या अंतरात ती भरून निघते.

वर्तमानपत्रांतल्या 'वीजगळती'च्या टक्केवारीत बहुधा चोरी आणि न वसूल झालेली बिलेही मिसळलेली असतात. त्यांना ओहमचा नियम लागू नाही.

मूळ शंकेसाठी एक सोपा प्रयोग करा. दोन कोरडे सेल, टॉर्चचा बल्ब, आणि जोडणीला नायक्रोमच्या दोन लांब, बारीक तारा घ्या. बल्ब पेटलेला असताना व्होल्टमीटर सेलना, मग बल्बला आणि नंतर प्रत्येक तारेच्या दोन टोकांना लावा. शेवटच्या तीन वाचनांची बेरीज पहिल्याशी ताडून पाहा, आणि मग विद्यार्थ्यांनाच विचारा, तारेतले नुकसान काढायला यांपैकी कोणते व्होल्ट घ्यायचे.