बाहुछेद आणि हस्तरक्षण

आपला हात धडाला कोठे जोडलेला आहे, असे विचारल्यास बहुतेक जण खांद्याकडे बोट दाखवितील. शरीररचनेच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. दंडाचे हाड खवाट्याला सांधलेले असते हे खरे. पण खवाटा स्वतः बरगड्यांना कोठेच सांधलेला नसतो. तो केवळ स्नायूंच्या आधाराने पाठीवर सरकत असतो. हाडाला हाड मिळून हात धडाशी जोडला जातो तो एकाच ठिकाणी : गळ्याखालील आडवे हाड, म्हणजे जत्रुक, छातीच्या मधल्या हाडाला जेथे मिळते तेथे. म्हणूनच छातीची पोकळी न उघडता खवाट्यासह सबंध हात वेगळा करणे शस्त्रवैद्याला शक्य होते. खांद्याच्या कर्करोगात प्रसंगी हा दारुण उपाय योजावा लागतो.

हाड कापणे हा त्यातील अवघड भाग नव्हे. जत्रुक व पहिली बरगडी यांच्यामधून हाताकडे जाणारी मोठी रोहिणी, तिच्या शेजारची नीला आणि मानेतून उतरणारे मज्जातंतूंचे जाळे ही तिन्ही काखेत एकत्र येतात. तेथे रोहिणी निसटली तर रोगी रक्तस्रावाने पाहता पाहता दगावेल. १८०८ साली वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावर राल्फ कमिंग या नौदलाच्या शस्त्रवैद्याने गोळी लागलेल्या एका रुग्णाचा हात खवाट्यासह काढला. भूल देऊन शस्त्रक्रिया करण्याची प्रथा १८४६ नंतर रूढ झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रसंगाची कल्पना येईल.

१८८७ साली पॅरिसचे पॉल बेर्जे यांनी या शस्त्रक्रियेची पद्धतशीर मांडणी प्रसिद्ध केली. तिचे मर्म क्रमात आहे. प्रथम जत्रुकाचा भाग कापून काढावयाचा, म्हणजे त्याखालील वाहिन्या दृष्टीस पडतात. मग रोहिणी बांधावयाची आणि त्यानंतर नीला. हा क्रम उलटला तर हातात रक्त येत राहील, परंतु परतणार नाही. उलट रोहिणी आधी बांधून हात थोडा वेळ उंच धरला, तर त्यातील बरेच रक्त रोग्याच्या शरीरात परत येते. मोठे स्नायू तोडावयाचे ते यानंतर. लीड्स येथील हॅरी लिटलवुड यांनी १९२२ मध्ये पाठीच्या बाजूने जाण्याची रीत सांगितली. तीत खवाट्याचे स्नायू आधी सोडवितात. खवाटा छातीपासून दूर झाला की वाहिन्या मागून गाठता येतात.

परंतु रोग खांद्यात असताना निरोगी पंजा का गमवावा? हा प्रश्न शस्त्रवैद्यांना स्वस्थ बसू देईना. रशियातील टिखॉफ व लिनबर्ग यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत खवाटा, जत्रुकाचा भाग व दंडाच्या हाडाचे वरचे टोक काढून टाकतात, मात्र वाहिन्या आणि मज्जातंतू राखतात. लिनबर्ग यांचा निबंध १९२८ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. असा हात आखूड होतो, खांद्यातून उचलत नाही. पण कोपर वाकते, बोटे लेखणी धरतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी प्रगती हीच. १९७० नंतर हाडाच्या कर्करोगावर प्रभावी औषधे उपलब्ध झाली, आणि काढलेल्या हाडाच्या जागी धातूचा सांधा बसविण्याचे तंत्रही सुधारले. त्यामुळे आज बहुसंख्य रुग्णांचा हात वाचविता येतो.

निर्णय मुख्यतः एका गोष्टीवर ठरतो : अर्बुदाने वाहिन्यांना आणि मज्जातंतूंना वेढले आहे काय? चुंबकीय चित्रणाने हे बरेचसे आधीच कळते. तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेतानाही दक्षता हवी. सुई ज्या मार्गाने जाते त्या मार्गात कर्कपेशी सांडू शकतात, म्हणून तो मार्गही पुढे काढावा लागतो. भलत्या ठिकाणी खुपसलेली सुई वाचण्याजोगा हात घालवू शकते. साधी वाटणारी ही तपासणी, म्हणूनच, पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या सल्ल्यानेच व्हावी.

सबंध हात काढल्यावर खांद्याची गोलाई नाहीशी होते. सदरा त्या बाजूने घसरतो. त्यासाठी हलक्या पदार्थाचा कृत्रिम खांदा देतात. कृत्रिम हात मात्र जड पडतो, आणि पुष्कळ जण तो बाजूला ठेवून उरलेल्या हातानेच बटणे लावावयास शिकतात. नसलेला हात दुखत राहतो, हा याहून विलक्षण त्रास. अमेरिकन यादवी युद्धातील जखमींमध्ये तो पाहून साइलस वीअर मिचेल यांनी १८७१ मध्ये त्यास ‘भुताटकीचा अवयव’ अशा अर्थाचे नाव दिले. मूठ आवळलेली असून ती उघडत नाही, अशी तक्रार असे रुग्ण करतात.