थंडी खाल्लेलं बी

स्वॅम्प मिल्कवीडचं बी चपटं, तपकिरी, कडेला पातळ पापुद्रा असलेलं. रुईच्या कुळातलं हे झाड उत्तर अमेरिकेतल्या पाणथळींचं. शरदात गळालेलं बी लगेच उगवलं, तर कोवळं रोप हिमात मरणार. म्हणून महिनाभर तरी थंडी आणि ओल मिळाल्याशिवाय ते सहसा रुजतच नाही.

इथे न्यू जर्सीत बरेच जण ओल्या पेपर टॉवेलमध्ये बी गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवतात, कोथिंबिरीच्या शेजारी. मला ते पटत नाही. लक्ष राहिलं नाही की बुरशी धरते. त्यापेक्षा दुधाचा प्लास्टिकचा कॅन आडवा कापावा, तळाला भोकं पाडावीत, ओली माती भरून बी पसरावं आणि ते जेमतेम झाकेल इतकी माती भुरभुरावी. मग कॅन चिकटपट्टीने जोडून, झाकण काढून, जानेवारीत अंगणात ठेवून द्यावा. बर्फ पडतो, वितळतो, आत झिरपतो. पुढचं काम हिवाळ्याचं.

वसंतात कॅनमध्ये हिरवं दिसू लागतं. पानांच्या जोड्या फुटल्या की रोपं सुटी करायची. मुळं तंतुमय असल्याने ती हलवलेलं सोसतात. मी ती पन्हाळीखाली लावते. तिथे पाणी साचून बाकी सगळं कुजतं, हे मात्र फोफावतं. गुलाबी घोस बहुधा दुसऱ्या वर्षी येतात. मध कुणालाही चालतो, पण पानं हवीत ती मोनार्क फुलपाखराच्या अळीला. मिल्कवीडखेरीज ती जगत नाही.

आपल्याकडच्या बागांतलं हळदकुंकूही मिल्कवीडच, आणि इथल्या नर्सऱ्यांत ते सहज मिळतं. पण दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत ते हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि मोनार्कचा एक परजीवी त्याच्या पानांवर साठत जातो. स्थानिक जातीचा आग्रह त्यासाठी.

उन्हाळ्यात देठांवर पिवळाधमक मावा चढतो, गावाकडे रुईवर दिसतो तोच. औषध मारायचं नाही. पाण्याची धार पुरते, पण आधी पानं उलटून बघावीत. मोनार्कचं टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं तिथे असू शकतं, आणि उन्हाळा सरताना निपजणारी पिढीच मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरांपर्यंत उडत जाते.

शेंगा पिकायला लागल्या की त्यांना रबर बँड लावायचे, नाहीतर बी वाऱ्यावर जातं. उकललेल्या शेंगांतला ऐवज कागदी पिशवीत घालून, सोबत चार नाणी टाकून खडखडवायचा. बी तळाशी बसतं, कापूस वर राहतो. हे अंगणातच करावं. तो कापूस एकदा सोफ्यावर बसला की दिवाळीच्या साफसफाईतही निघत नाही.